भिंतीवर टेप चिकटवून आईचा तोल मोजला. हे कितपत खरं मानायचं?

तिसरा_जिना (धागाकर्ती) | ९ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची आहे, ठाण्यात आमच्याकडेच असते. मे महिन्यात वरच्या फडताळातून साबुदाण्याचा डबा काढताना तिचा तोल मागे गेला. नशीब, मागे फ्रिज होता, त्याला पाठ टेकली म्हणून पडली नाही. पण तेव्हापासून घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालते. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब झोपवून आणि उभं करून बघितला, कान तपासले आणि फिजिओथेरपिस्टकडे धाडलं.

फिजिओ म्हणजे पंचविशीतली मुलगी, घरी आली. तिने हॉलच्या भिंतीवर आईच्या खांद्याच्या उंचीला शिंप्याचा टेप आडवा चिकटवला. आईला भिंतीकडे कूस करून उभं केलं, पायांत खांद्याएवढं अंतर ठेवायला लावलं. साडीच्या निऱ्या वर खोचायला सांगितल्या, पाऊल दिसायला हवं म्हणून. मग, "आजी, मूठ वळा, हात समोर सरळ करा. आता पाय न उचलता जमेल तेवढं पुढे जा, जणू पलीकडच्या पंगतीतल्या कुणाला लाडू देताय." आई पुढे गेली, तिने टेपवर बघितलं, पुन्हा करायला लावलं. असं पाच वेळा. पाच मिनिटांत खेळ खल्लास. कागदावर लिहिलं, "एफआरटी १६".

नाशिकहून भावाचा फोन. त्याने नेटवर शोधून सांगितलं, "अगं १६ म्हणजे तरुण पुरुषाएवढं!" आम्ही खूश. दोन दिवसांनी कळलं की ते १६ सेंटिमीटर होते आणि भाऊ इंचांचा तक्ता वाचत होता.

तर प्रश्न असा, की भिंतीवरच्या टेपने माणूस पडणार की नाही हे खरंच कळतं का? आणि १६ वर मी किती घाबरू?

---

सायीचं_दही | ९ जून, रात्री ११:१५

वाचतेय. भावाचा किस्सा भारी. आमच्याकडे सासूबाईंची साखर कुणीतरी वेगळ्याच एककात वाचली होती, तेव्हा उलट झालं होतं, आनंदाऐवजी रडारड.

---

घोटा_आणि_गुडघा | १० जून, सकाळी ७:०५

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात १९ वर्षं काम करतेय. जरा लांब लिहिते, ओपीडी सुरू व्हायच्या आत.

एफआरटी म्हणजे फंक्शनल रीच टेस्ट. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. त्याआधी तोल मोजायचा तर फोर्स प्लेट लागायची, म्हणजे पायाखाली महागडी काट्यासारखी फळी, जी तळपायाखालचा दाब कुठे सरकतो ते दाखवते. ती असते प्रयोगशाळेत. डंकनबाईंचा प्रश्न साधा होता, हेच काम एका फूटपट्टीने होईल का? २१ ते ८७ वयाच्या १२८ जणांवर त्यांनी दोन्ही मोजमापं ताडून पाहिली. मेळ चांगला बसला (सहसंबंध ०.७१, पूर्ण मेळ म्हणजे १), आणि त्याच माणसाची पुन्हा चाचणी घेतली तर आकडा जवळपास तोच येत होता. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. म्हणून जगभर पसरली.

मोजायचं काय, तर हात समोर धरल्यावर मधल्या बोटाचं मुठीवरचं हाड टेपवर कुठे आहे ते, आणि पुढे गेल्यावर कुठे पोचलं ते. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा आकडा. हाताची लांबी त्यात धरलेली नाही, ती वजा होते. पहिल्या दोन खेपा सरावाच्या, पुढच्या तिन्हींची सरासरी. तुमच्या फिजिओने पाच वेळा करून घेतलं ते उगाच नाही.

मूळ अभ्यासात ७० ते ८७ वयाच्या बायकांची सरासरी साडेदहा इंच होती, म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर. पण त्यात साडेतीन इंच इकडेतिकडे. त्याच वयाचे पुरुष १३ इंचांच्या थोडं वर. विशी ते चाळिशीतले पुरुष १६.७ इंच, तुमच्या भावाने वाचला तो बहुतेक हाच.

आईंचे १६ सेंमी म्हणजे सव्वासहा इंच. कमी आहेत, धोक्याची मानतात ती सहा इंचांची रेषा जेमतेम पार. पण "घाबरू का" याचं उत्तर या आकड्यात नाही. त्या पुढे *कशा* गेल्या ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेशंट आलाय, संध्याकाळी लिहिते.

---

मोजपट्टी | १० जून, सकाळी ९:३०

मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलं, त्यामुळे हे वाचून हात शिवशिवले. बायकोला शेजारी उभं करून स्वतःवर प्रयोग केला. वय ६६.

नियमाप्रमाणे ३६ सेंमी. मग लक्षात आलं की उजवा हात पुढे नेताना उजवा खांदा जरा पुढे वळवला, म्हणजे दाराच्या फटीतून हात घालतो तसं, की ४३. पाय तेच, तोल तोच, सात सेंटिमीटर फुकट! मग टाचा किंचित उचलल्या, अजून तीन. बायको म्हणाली, "आता नाकावर पडा म्हणजे शंभर होतील."

ज्या उपकरणात माणूस नकळत सात सेंटिमीटर वाढवू शकतो त्यावर सव्वासहा इंच आणि सहा इंच यांत फरक करायचा? ताई, टेपही बघा. शिंप्याचा कापडी टेप जुना झाला की ताणला जातो.

---

शंकासूर | १० जून, दुपारी १:२०

मोजपट्टी काकांशी सहमत, आणि त्याहून पुढे जाऊन विचारतो. या सहा इंचांच्या रेषेमागे आहे काय? १९९२ चा अभ्यास, त्याच डंकन गटाचा. ७० च्या वरचे २१७ जण, सहा महिने पाहिले. ज्यांना हात पुढे नेताच आला नाही त्यांची वारंवार पडण्याची शक्यता दहा इंचांच्या वर जाणाऱ्यांच्या तुलनेत आठपट, सहा इंच किंवा कमी असेल तर चौपट, सहा ते दहा असेल तर दुप्पट. हे चित्र भारतातल्या प्रत्येक क्लिनिकच्या फायलीत चिकटवलेलं असतं.

फक्त एक गोष्ट त्या फायलीत नसते. ते २१७ च्या २१७ पुरुष होते. अमेरिकन माजी सैनिक. धागाकर्तीच्या मातोश्री माझ्या माहितीप्रमाणे यांपैकी काहीच नाहीत.

---

सायीचं_दही | १० जून, दुपारी १:३२

माजी सैनिक नाहीत हे कशावरून? आमच्या पिढीच्या आयांनी एकत्र कुटुंब लढवलंय.

---

तिसरा_जिना | १० जून, दुपारी २:१०

दही, :-) आईला वाचून दाखवलं. म्हणाली, पेन्शन मिळते का विचार.

शंकासूर, म्हणजे बायकांवर हे लागूच नाही?

---

शंकासूर | १० जून, दुपारी २:४०

बायकांवरही अभ्यास झालेत, त्यामुळे "लागूच नाही" असं नाही म्हणणार. चौपट-आठपट हे जे आकडे लोक छातीठोकपणे सांगतात, ते कुठून आले एवढंच सांगतोय. आणि दुसरं, १९९९ मध्ये एक पेपर आला, शीर्षकातच प्रश्न होता की ही चाचणी खरोखर गतिमान तोल मोजते का. त्यांनी निरोगी ज्येष्ठ आणि अंतर्कर्णाच्या दोषामुळे तोल बिघडलेले लोक घेतले. दोन्ही गटांचे हात जवळपास सारखेच पुढे गेले! म्हणजे ज्याचा तोल उघडउघड बिघडलाय तो टेपवर पास.

---

घोटा_आणि_गुडघा | १० जून, रात्री ९:४५

शंकासूरांनी माझंच काम हलकं केलं. तो पेपर खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. तो तसा का निघाला ते सांगते, म्हणजे सकाळचं "कशा गेल्या" हेही उलगडेल.

उभं राहणं म्हणजे पोटाच्या खालच्या भागात कुठेतरी असलेला शरीराचा भारमध्य, दोन पावलांनी आखलेल्या चौकटीच्या आत ठेवणं. ओळंबा सोडलात तर तो पावलांच्या आत पडला पाहिजे. निरोगी माणूस या चौकटीत पुढे साधारण ८ अंश कलू शकतो, मागे जेमतेम ४. घोट्यापुढे जवळजवळ अख्खं पाऊल आहे, मागे फक्त टाच, हे त्याचं कारण.

आता पुढे जायच्या दोन तऱ्हा. पहिली, वाऱ्यात सुपारीचं झाड कलतं तशी. सगळं झाड बुंध्यापासून एका रेषेत. माणसात हा बुंधा म्हणजे घोटा. भारमध्य खरोखर पुढे सरकतो, चवड्यांवर दाब येतो, पायाची बोटं जमीन पकडतात. दुसरी तऱ्हा हापशाच्या दांड्याची, एक टोक खाली की दुसरं वर. माणूस खुब्यात वाकतो, डोकं-हात पुढे आणि कुल्ले मागे. हात टेपवर लांब पोचतो, पण भारमध्य जागच्या जागी, कारण पुढे गेलेल्याची भरपाई मागच्याने केली. ज्याचा तोल कच्चा आहे, ज्याला भीती बसली आहे, ज्याचे घोटे आखडले आहेत, तो न शिकवता दुसरी तऱ्हा उचलतो. आकडा ठीकठाक, आणि आपण फसतो.

२००३ मध्ये स्वीडनच्या एका गटाने हेच मोजलं. ज्येष्ठांमध्ये हाताचं अंतर आणि पायाखालच्या दाबाचं सरकणं यांचा सहसंबंध निघाला फक्त ०.३८. आणि धड किती वाकलं त्याच्याशी ०.६८. म्हणजे टेप तोलापेक्षा कंबर जास्त मोजत होता. १९९० चे ०.७१ आणि हे ०.३८ शेजारी ठेवून बघा, मोजपट्टी काकांना झोप यायची नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की टेपकडे नंतर बघा, आधी टाच बघा, घोटा बघा, कुल्ले मागे जातात का बघा, खांदा वळतो का बघा. हात पुढे गेल्यावर श्वास रोखला का तेही बघा. आकडा लिहिताना शेजारी एक शब्द लिहा, "घोट्यातून" किंवा "खुब्यातून". तिजि, तुमच्या लक्षात आहे का, आई कशा गेल्या?

---

तिसरा_जिना | १० जून, रात्री १०:२०

आहे, चांगलंच. कुल्ले मागे. अगदी विहिरीत डोकावल्यासारखी. मी तेव्हा हसले होते.

---

मोजपट्टी | ११ जून, सकाळी ६:१५

झोप आली नाही हे खरं आहे.

आरशासमोर दोन्ही तऱ्हा करून बघितल्या. सुपारीच्या झाडासारखं गेलो की २४ च्या पुढे जाववत नाही, पोटऱ्या थरथरतात. हापशासारखं ३६. म्हणजे काल जे ३६ लिहिले ते बारा सेंटिमीटर वाकण्याचे होते. आम्ही कारखान्यात याला म्हणायचो, गेज बरोबर आहे पण भलत्याच मापाला लावलाय.

---

कोकणकडा | ११ जून, सकाळी १०:००

जरा वेगळा मुद्दा, धाग्याचं काश्मीर करायचा हेतू नाही. दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरून उतरताना घोटा मुरगळला. तेव्हा फिजिओने एका पायावर उभं करून दुसऱ्या पायाने जमिनीवरच्या पट्ट्यांवर पुढे, मागे तिरकं आत, मागे तिरकं बाहेर असं जमेल तितकं लांब पोचायला लावलं. इंग्रजी वायसारखी आकृती. हे त्याचंच भावंड का?

---

घोटा_आणि_गुडघा | ११ जून, दुपारी १२:४०

हो, चुलत भावंड. आधी आठ दिशांची तारा-चाचणी होती, त्यातल्या तीन दिशा ठेवून वाय-चाचणी झाली. त्यात हाताऐवजी पाय पोचतो आणि अंतर तुमच्या पायाच्या लांबीच्या टक्केवारीत मांडतात, नाहीतर उंच माणूस नेहमी जिंकेल. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंत दिसलं होतं की पुढच्या दिशेला डाव्या-उजव्या पायात ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर पायाच्या दुखापतीची शक्यता अडीचपट. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो आकडा टिकला नाही, पण ट्रेक पुन्हा सुरू करायचा की नाही हे ठरवताना मी दोन पायांतला फरक बघतेच. ७४ च्या आजींना मात्र ही चाचणी द्यायची नाही, कृपया!

---

अर्धा_कप_चहा | ११ जून, दुपारी ४:०५

माझ्या वडिलांना पक्षाघात झालाय, उजवी बाजू. उभं राहता येत नाही. त्यांचीही अशीच काहीतरी चाचणी झाली, पण खुर्चीवर बसवून. तेव्हा मला वाटलं होतं की उभं करता येत नाही म्हणून वेळ मारून नेतायत.

---

घोटा_आणि_गुडघा | ११ जून, रात्री ८:३०

नाही हो, ती बसूनची सुधारित रीच टेस्ट. १९९८ मध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांवर तिचा अभ्यास झाला आणि पक्षाघातातही वापरतात. चांगल्या हाताने पुढे आणि बाजूला किती जाता येतं ते मोजतात. बसलेला तोल सुधारल्याशिवाय पलंगावरून खुर्चीत जाणं सुरक्षित होत नाही. बाबांचा पहिला आकडा जपून ठेवा. दोन महिन्यांनी त्यांना दाखवायला उपयोगी पडतो, रोजच्या रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

---

शंकासूर | ११ जून, रात्री ९:१०

बरं, मग निकाल काय? चाचणी फेकून द्यायची?

---

घोटा_आणि_गुडघा | ११ जून, रात्री ९:४०

ताप मोजल्यावर थर्मामीटर मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, म्हणून फेकतो का आपण? एकट्या एफआरटीवर कुणी "तुम्ही पडणार" म्हणत असेल तर ते चूक. पण ती एकटी घ्यायचीच नसते. सोबत खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून वळून परत येऊन बसायची वेळ बघतात, साडेतेरा सेकंदांच्या वर गेली की आम्ही सावध होतो. चौदा कामांची बर्ग मोजणी आहे, कॅनडातून आलेली, ५६ गुणांची. तिच्यातही हात पुढे नेण्याचं एक काम आहेच, २५ सेंमीला पूर्ण ४ गुण, १२ ला ३, ५ ला २. तिथे मात्र मूठ नाही, बोटं सरळ ठेवायची, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशेजारी मांडू नका.

तिजि, आता खरा मुद्दा. आई पुढे पडत नव्हत्या. डबा काढताना *मागे* गेल्या. आणि मोजलं फक्त पुढचं! तुमच्या फिजिओला विचारा, चारही दिशांची चाचणी घेता येईल का. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या रॉबर्टा न्यूटन यांनी २००१ मध्ये ती मांडली, त्याच टेपवर. २५४ ज्येष्ठांची सरासरी पुढे जवळपास ९ इंच, दोन्ही बाजूंना ६ ते ७, आणि मागे साडेचारच्या आसपास.

घरी स्वतः घेऊ नका. मागच्या दिशेला माणूस सूचना न देता जातो. माझ्या ओपीडीत मी एक हात पाठीमागे धरूनच असते.

---

गोमंतकी_पेज | १२ जून, सकाळी ८:२०

आमच्या म्हापशाच्या घरात माझी आजी ८८ व्या वर्षी जमिनीवर बसून नारळ खोवायची आणि हात न टेकता उठायची. टेपबिप काही नाही. आपण जमिनीवर बसणं सोडलं, कमोड आणले, डायनिंग टेबल आणलं, तिथेच तोल गेला. बाकी तिळाच्या तेलाने तळपायाला मालिश हा रामबाण.

---

शंकासूर | १२ जून, सकाळी ८:५५

आला रामबाण. आमच्या आजोबांनीही जन्मभर मांडी घातली, ७९ व्या वर्षी मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं.

---

घोटा_आणि_गुडघा | १२ जून, दुपारी १:१५

भांडू नका. जमिनीवरून उठण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. ब्राझीलमध्ये त्याचीच दहा गुणांची चाचणी केली आहे. बसायला पाच गुण, उठायला पाच, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येकी एक वजा, झोकांडी गेली की अर्धा. पण ज्याने दहा वर्षं मांडी घातलेली नाही त्याला उद्या सकाळी जमिनीवर बसवू नका, उठवायला मलाच बोलावाल.

मालिशबद्दल काही म्हणणं नाही, पाय बरे वाटतात. फक्त तेलकट तळपायांनी फरशीवर चालायचं नाही!

---

किवी_आणि_कैरी | १३ जून, पहाटे ४:३०

ऑकलंडहून. इकडे मी ज्येष्ठांच्या केंद्रात मदतनीस आहे. मोजून झाल्यावर पुढे काय, हे या धाग्यात कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठाने नव्वदच्या दशकात घरच्या घरी करायचे व्यायाम बसवले. पायांची ताकद, त्यासाठी घोट्याला बांधायची वजनं, आणि तोलाचे प्रकार. म्हणजे ओटा धरून चवड्यांवर, मग टाचांवर, एका रेषेत पाऊल पुढे पाऊल, बाजूला चालणं, मागे चालणं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय दोनदा चालायला जाणं. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. ८० च्या वरच्या बायकांवर त्याची पहिली मोठी चाचणी झाली, शंकासूर दादा, नोंद घ्या, *बायकांवर*.

आमच्या केंद्रातल्या आज्या कंटाळतात, पण चहा-बिस्किटं व्यायामानंतरच मिळतात म्हणून येतात.

---

शंकासूर | १३ जून, सकाळी ७:००

नोंद घेतली. ८० च्या वरच्या बायकांशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

---

तिसरा_जिना | १७ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. आज फिजिओ पुन्हा आली होती. चार दिशांचं विचारलं तर म्हणाली, "मी आज तेच करणार होते, पहिल्या दिवशी आजी दमल्या होत्या." मनातल्या मनात तिची माफी मागितली.

सगळे सेंटिमीटरमध्ये: पुढे १६. उजवीकडे १६. डावीकडे ९. मागे ४.

मागे ४! तीही घाबरत घाबरत. माझ्या पोटात गोळा आला. तिने आधी आईचा डावा घोटा हलवून बघितला. तो आखडलेला आहे, १९९८ साली अंगणात पाय घसरून मोडला होता, प्लास्टर निघाल्यावर व्यायाम कुणी केलाच नाही. डावीकडे कलताना भार डाव्या पायावर येतो आणि तो घोटा द्यायचं तेवढं देत नाही, असं तिने समजावलं. मग आईला डोळे मिटायला लावून नायलॉनच्या जाड केसासारख्या तारेने तळपायाला टोचलं. दहापैकी चार ठिकाणी आईला कळलंच नाही, दोन्ही पायांना. नंतर ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याला लावला. आई म्हणते, "वाजतोय ना, ऐकू येतंय." फिजिओ म्हणाली, "आजी, कानाने नाही, पायाने सांगा." पायाने काही सांगितलं नाही.

आईला मधुमेह आहे १४ वर्षं, तेव्हापासून मेटफॉर्मिन. डॉक्टरांना सगळं कळवलं, त्यांनी बी१२ तपासायला सांगितलं, कारण त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. आलं कमी. इंजेक्शनं सुरू होतायत.

म्हणजे गेली कित्येक वर्षं आई पायांखाली काय आहे ते डोळ्यांनीच बघून चालत होती आणि आम्ही म्हणत होतो, "खाली बघून काय चालतेस, समोर बघ."

---

सायीचं_दही | १७ जून, रात्री ११:५०

शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले. मीही सासूबाईंना हेच म्हणते. रात्री उठतात तेव्हा पॅसेजमधला दिवा बंद असतो, वीज वाचते म्हणून. आत्ता जाऊन लावला.

---

घोटा_आणि_गुडघा | १८ जून, सकाळी ७:२०

तिजि, छान तपासलंय तुमच्या फिजिओने. माफी प्रत्यक्ष मागा, चहा पाजा.

तीन गोष्टी लगेच करा. रोजचे डबे कंबर ते खांदा एवढ्या उंचीत आणा, फडताळ वर्षातून एकदा लागणाऱ्या भांड्यांना. कपडे काठीने वरच्या दोरीवर टाकणं बंद, मान वर आणि हात वर झाला की भारमध्य मागेच जातो. घरात अनवाणी किंवा मोजे नकोत, मागून पट्टा असलेली, पातळ पण न घसरणाऱ्या तळाची चप्पल. आणि तिने दिलेले घोट्याचे व्यायाम ओट्याशी, मागे खुर्ची ठेवून. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा, तेव्हाही याच पायताणात किंवा अनवाणी, जसं पहिल्यांदा मोजलं तसंच. एखाद-दोन सेंटिमीटर वाढले तर पेढे वाटू नका, तेवढा फरक सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो.

---

तिसरा_जिना | ३० जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. सहा आठवडे झाले. फिजिओने आज परत मोजलं, अनवाणी, त्याच भिंतीवर. टेप यावेळी स्टीलचा आणला, काकांच्या सांगण्यावरून.

पुढे २१, उजवीकडे १७, डावीकडे १३, मागे ८.

भिंतीला हात लावणं दिवसा जवळजवळ सुटलंय, रात्री अजून लावते. काठी वापरायला तयार नाही, "मी काय म्हातारी आहे?"

---

मोजपट्टी | ३० जुलै, रात्री ९:२२

अभिनंदन. पण सरासरी नको, तिन्ही वाचनं द्या. आणि खांदा?

---

तिसरा_जिना | ३० जुलै, रात्री ९:४०

पुढचे १९, २२, २२. खांदा वळवला नाही, मी समोर उभी राहून बघत होते. कुल्ले पहिल्या खेपेला मागे गेले, पुढच्या दोन्हीला नाही. फिजिओने कागदावर आकड्याशेजारी लिहिलंय, "घोट्यातून". मी काही न सांगता.

---

मोजपट्टी | ३० जुलै, रात्री ९:४४

पास.